आमचा गडी

बिरू मूळचा केदारखेड्याचा, बापामागं मेंढरं वळत वाढलेला. पण नवीन जालन्यात एका बियाणं कंपनीच्या गोदामावर वॉचमन म्हणून लागला आणि त्यानं मेंढरांकडं पाठ फिरवली ती फिरवलीच. आपल्या वाट्याची मेंढरं त्यानं धाकट्या भावाला, परमेश्वरला, देऊन टाकली. भाऊ कधी शहरातल्या खोलीवर आला की बिरू आधी उठून खिडकी उघडायचा. परमेश्वरच्या कपड्यांना लोकरीचा वास असायचा. खिडकी कशासाठी उघडली हे परमेश्वरला कळायचं. तो चहा पिऊन निघून जायचा.

बिरूची लेक रेणुका नर्स झाली आणि तिला मास्तरांच्या घरचं स्थळ आलं. व्याही सर्जेराव शाळेतून निवृत्त झालेले, हळू आवाजात बोलणारे. बोलणी चालली असताना त्यांनी सहज विचारलं, "गावाकडं काय आहे तुमचं?" आपण नुसते वॉचमन आहोत, एवढं वाक्य बिरूच्या तोंडातून निघेना. तो म्हणाला, "मेंढरं हायेत ना. मोठा कळप हाय. राखायला गडी ठेवलाय." त्याची बायको सुगंधाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. तिनं एकदा नवऱ्याकडं पाहिलं आणि मुकाट्यानं कप पुढं केले.

लग्नाला फोटोग्राफर ठरलेला होताच. तरी रेणुकानं हट्टानं भोकरदनची पायल पण लावली. ही पोरगी मोबाईलवर व्हिडिओ काढणार, लगोलग रील बनवून टाकणार. "आजकाल सगळेच कंटेंट क्रिएटर लावतेत, बाबा," रेणुका म्हणाली. पायल घरी येऊन बसली, तिनं सगळ्यांशी गप्पा मारल्या, आणि घर धनगराचं आहे म्हटल्यावर तिचे डोळे चमकले.

"काका, मंग हळदीच्या सकाळी मेंढरांचा एक रील करू. तुम्ही पुढं, मेंढरं मागं, अन् रेणुकाताई पळत येतेत. असलं अख्ख्या तालुक्यात कुणाचं न्हाई!"

बिरूनं भावाला फोन लावला. "पोरीचं लगीन हाय, आणतो की," परमेश्वर म्हणाला. वाटेत मुक्काम करत, कळप हाकत तो मंगल कार्यालयामागच्या रिकाम्या कापसाच्या रानात येऊन पोचला.

हळदीच्या सकाळी बिरू धोतर नेसून उभा राहिला. खांदा मोकळा दिसतोय म्हणून परमेश्वरनंच आपली घोंगडी काढून त्याच्या खांद्यावर टाकली, नीट करून दिली. पायलनं खूण केली, बिरू चालायला लागला. मेंढरं जागची हलेनात. त्यानं हाका मारल्या, काठी आपटली, तेव्हा ती बिचकून उलट्या बाजूला सरकली. शेवटी परमेश्वर रानात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीजवळ जाऊन उभा राहिला आणि जीभ टाळूला लावून त्यानं एक आवाज काढला. त्या आवाजासरशी सगळा कळप वळला.

"हे काका कोण हायेत?" पायलनं विचारलं. "त्यांला पण घेऊ का? फेटा मस्त हाय त्यांचा."

नवरदेवाकडून हळद घेऊन आलेले सर्जेराव बाजूलाच उभे होते. बिरूनं त्यांच्याकडं पाहिलं.

"न्हाई न्हाई," तो घाईनं म्हणाला, "तो आमचा गडी हाय. तू घे जल्दी, ऊन चढून राह्यलं."

रेणुका हळदीच्या साडीत तिथंच होती. तिचे ओठ हलले, पण पायल "रेडी?" म्हणाली आणि ती पळत सुटली. परमेश्वर ट्रॉलीच्या आड सरकला. आडून पुन्हा तोच आवाज आला, आणि मेंढरं बिरूच्या मागं चालू लागली.

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या तेव्हा परमेश्वर मांडवाच्या पार मागच्या कडेला होता. आचाऱ्यांबरोबर जेवला. निघताना त्यानं रेणुकाच्या डोक्यावर हात ठेवला आणि बिरूकडं न बघता कळप रस्त्याला लावला. बिरू त्याला हाक मारणार होता, पण भोवती पाहुणे मोबाईल पुढं करून रीलचं कौतुक करत होते.

मग एका दुपारी सासरहून रेणुकाचा फोन आला.

"बाबा, इथं आल्यागेल्याला रील दाखवतेत. अन् मंग कुणीतरी विचारतं, मेंढरं राखतं कोण. मी काय सांगू? काका सांगू का गडी सांगू?" मग हळूच म्हणाली, "त्या दिवशी मी पण गप बसले, बाबा."

बिरूनं गोदामावरची पाळी बदलून घेतली आणि सकाळच्या एसटीनं निघाला. परमेश्वरचा तळ एका मोसंबीच्या बागेशेजारी पडला होता. परमेश्वर एका कोकराच्या खुरातला काटा काढत होता.

"बस," तो म्हणाला.

बिरू उभाच राहिला. "परमा, मी त्या दिवशी तुला..."

"गडी म्हणलास," परमेश्वर खुराकडंच बघत म्हणाला. "त्या व्हिडिओवाल्या पोरीनं तर इज्जतीनं विचारलं होतं. मला कशाला सांगून राह्यला? ज्यांला सांगितलं, त्यांला सांग."

बिरूनं तिथंच उभ्यानं सर्जेरावांना फोन लावला. "मास्तर, ते मेंढरं माझे न्हाईत. गडी म्हणलो तो माझा सख्खा भाऊ हाय."

पलीकडून सर्जेराव म्हणाले, "बिरूभाऊ, तुमचं नाक अन् त्यांचं नाक एकच आहे. मला त्याच दिवशी कळलं होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बिरूला सोपं गेलं असतं. तो खाली बसला आणि त्यानं तोंड गुडघ्यांत घातलं. परमेश्वरनं काटा काढून कोकरू सोडून दिलं, हात धुतले, भाकरीचा तुकडा त्याच्या पुढं धरला. बिरूनं मान वर न करताच तो घेतला.

रेणुकानं पायलला सांगून तो रील काढून टाकायला लावला. पण तोवर तो फोनाफोनांत पसरला होता. गोदामावर ट्रक घेऊन येणारा ड्रायव्हर गेटातून ओरडतो, "बिरूभाऊ, मेंढरं भारी हायेत तुमचे!"

बिरू गेट उघडतो. "माझे न्हाईत. भावाचे हायेत," तो म्हणतो. दर वेळी म्हणतो, आणि दर वेळी त्याची नजर जमिनीकडं जाते.