माझी लघवी, तिचं पदक

"दार लावून घे. अर्ध्याच्या वर भर. आणि झाकण नीट लाव."

आमचं धावण्याचं शिबिर सांभाळणाऱ्या मॅडमनी माझ्या हातात गुलाबपाण्याची रिकामी बाटली दिली. धुतलेली होती, पण वास राहिला होता. त्या नाकाला रुमाल लावून उभ्या. स्टेडियममधल्या बायकांच्या संडासात घाण होती हे खरं. पण तो रुमाल मी जवळ गेले की नेहमीच वर जायचा.

"कशाला मॅडम?"

"ए उत्तन, प्रश्न नकोत. तपासणी आहे. कर पटकन."

माझं नाव त्यांना माहीत होतं. शिबिराच्या हजेरीत त्यांच्याच हाताने लिहिलेलं होतं. तरी दोन वर्षं मी उत्तन. गावाच्या नावाने हाक मारली की माणसाला नाव लागत नाही.

मी बाटली भरली. गरम बाटली दुसऱ्या बाईच्या हातात देताना मान वर होईना. त्यांनी ती रुमालात गुंडाळली, पदराआड काखेत दाबली आणि गेल्या.

आठशे मीटरमध्ये मी सहावी आले होते. सहाव्या नंबरची तपासणी कोण करतं? हा प्रश्न मला पडायला हवा होता. नाही पडला. खोटं कशाला बोलू, मला उलट बरं वाटलं. तपासणी मोठ्या खेळाडूंची होते, म्हणजे मीही कोणीतरी झाले.

हात धुऊन बाहेर आले तर तपासणीच्या खोलीशी सुजाता उभी. त्या दिवशी आठशे मीटर तिने जिंकलेली. शेजारी मॅडम. दारावरचा अधिकारी म्हणत होता, "मॅडम, अंदर अकेली जाएगी."

मॅडम हसल्या. "लडकी शरमाती है, साहब. मैं उसकी माँ जैसी हूँ. आप बाहर रुकिये ना."

साहब बाहर रुके. दोघी आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा मॅडमची काख मोकळी होती. तपासणीच्या बाटलीला लाख लागली. कागदावर नाव सुजाताचं. आत मी.

एकोणीस वर्षांची होते. तेवढं कळायला पुरेसं वय असतं.

शिबिर एका कंपनीचं. ती ताकदीची पावडर बनवायची. दुधात घालून प्यायची. नव्वदनंतर घराघरात टीव्ही आले आणि डब्यावर नट-नट्यांऐवजी खेळाडू हवे झाले. कंपनीचं गोदाम काशीगावला, हायवेच्या अलीकडे. त्यामागचं मैदान त्यांनी सपाट करून घेतलं, चुन्याने पट्टे मारले, आठ पोरी निवडल्या. त्यातली एकच डब्यावर. सुजाता. तिचे वडील मुंबईतली खोली विकून भाईंदर पूर्वेला फ्लॅटमध्ये आलेले. गोरी, उंच, इंग्रजी बोलणारी. आम्ही बाकीच्या सात कशासाठी, तर शर्यत एकटीने लागत नाही म्हणून. मी असंच समजायचे.

आम्हाला बूट मिळाले. माझ्या घरात पायात बूट घालणारी मी पहिली. त्या बुटांनी माझं तोंड बराच काळ बंद ठेवलं, हे मी आधी लिहिते, मग दुसऱ्यांचं लिहीन.

शिबिराचे नियम होते. मी डबा फाटकापाशी उघडायचा. सुक्या बोंबलाचा वास मॅडमना सहन होत नसे. मी ट्रॅकसूट वेगळ्या दोरीवर वाळत घालायचा. पाण्याच्या माठातून पेला बुडवायचा नाही, दुसरीने ओतायचं. कोणी हे लिहून लावलं नव्हतं. लिहून लावलं असतं तर फाडता आलं असतं.

दुसऱ्या वेळी बाटली हातात आली तेव्हा मला सगळं माहीत होतं. मी विचारलं नाही. भरली. तिसऱ्या वेळी मॅडम म्हणाल्या, "शहाणी आहेस. पॅकिंगमध्ये तुझं नाव लावलंय." पॅकिंग म्हणजे पक्की नोकरी. बाबांची बोट दोन पावसाळे किनाऱ्यावर उलटी पडलेली. मी मान हलवली.

सुजाताला दर गुरुवारी सुई. सर त्याला 'रिकव्हरी' म्हणायचे. सर म्हणजे आमचे कोच. त्यांच्या खोलीत पडदा होता, पडद्यामागे ती जायची, दंड चोळत बाहेर यायची. सगळ्यांना दिसायचं. चहावाल्याला दिसायचं. कंपनीचे साहेब महिन्यातून एकदा गाडीतून यायचे, त्यांनाही दिसायचं. ते फक्त घड्याळ बघायचे. सेकंद कमी झाले की सरांच्या पाठीवर थाप.

एक दुपार मला सोडत नाही. आम्ही दोघीच खोलीत होतो. सुजाता भिंतीकडे तोंड करून पडलेली. तिचा आवाज तोवर फुटला होता, वयात आलेल्या मुलाचा फुटतो तसा. घरचा फोन उचलणं तिने बंद केलं होतं. पलीकडचा माणूस तिच्या भावाचं नाव घ्यायचा.

"ए, ऐक ना," ती म्हणाली. "तुला येते अजून?"

"काय ताई?"

"पाळी."

"येते."

मग म्हणाली, "मला आठ महिने नाही. सर म्हणतात, बरंय ना, सरावात खंड नको."

मी काय म्हणायला हवं होतं? म्हणायला हवं होतं, ताई, आईला सांग. डॉक्टरकडे चल, मी येते. मी म्हणाले, "होईल ठीक." आणि बुटाची नाडी बांधत बसले. बांधलेलीच नाडी सोडून परत बांधली.

तपासणी म्हणजे एकच दार होतं. त्या दारात ती अडकली असती तर सुई थांबली असती. ते दार मी उघडं करून देत होते, दर वेळी.

चौथी वेळ राष्ट्रीय स्पर्धेची. आदल्या आठवड्यात मला खोकला लागला. थंडीत पहाटे सराव, वर भाईंदरच्या भांड्यांच्या कारखान्यांतली पॉलिशची धूळ. आयने गावातल्या दवाखान्यातून बाटली आणली. "दोन चमचे दिसातून तीनदा. चुकवू नको." मी चुकवलं नाही. बाटली सोबत घेऊन गेले. मॅडम रोज विचारायच्या, काय खाल्लंस, पोट साफ आहे ना, गोळी घेतली नाहीस ना. गोळी मी घेतली नव्हती. पातळ औषधाचं त्यांनी विचारलं नाही. गरिबाच्या पोरीच्या अंगात औषध कुठून येणार, असं धरून चालल्या असाव्यात. चार बाटल्यांत तेवढी एक चूक त्यांनी केली.

सुजाताला सोनं. पुढच्या आठवड्यात तिची पोस्टरं स्टेशनबाहेर लागली. हातात पदक, दुसऱ्या हातात पेला. खाली अक्षरं: ताकद, फक्त घरच्या दुधातून.

महिन्याने मला ऑफिसात बोलावलं. साहेबांनी पहिल्यांदाच खुर्ची दिली. कपात चहा आला, बशीसकट. समोर मॅडम. कोपऱ्यात सुजाता, मान खाली.

"सुजाताची तपासणी वाईट आली," साहेब म्हणाले. "खोकल्याच्या औषधातलं काहीतरी सापडलंय. बंदी असलेलं."

मला आधी कळेना. मग कळलं. जिच्या दंडात वर्षभर सुई टोचली जात होती ती माझ्या खोकल्याने पकडली गेली होती.

साहेबांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. इंग्रजी होता. मॅडमनी मराठीत वाचून दाखवला. मी, राहणार उत्तन, सुजाताच्या यशाचा मत्सर वाटून तिच्या पाण्यात माझं औषध मिसळलं. मला पश्चात्ताप होतो आहे. खाली सहीची रेघ.

"मी पाण्याच्या माठाला हातसुद्धा लावत नव्हते," मी म्हणाले. "लावू देत नव्हतात."

"ते आपल्यात," मॅडम म्हणाल्या.

"आणि सुई?"

साहेब रागावले नाहीत. लहान मुलाला समजावतात तसं बोलले. "बेटा, सुई सगळे घेतात. आपण नाही घेतली तर पंजाब घेईल, केरळ घेईल. कंपनीला त्याच्याशी घेणं नाही. कंपनीला सापडणं नकोय. पोस्टरं लागलीयत."

मी सुजाताकडे बघितलं. मला वाटलं ती काहीतरी म्हणेल. ती म्हणाली. त्या जाड, तिच्या नसलेल्या आवाजात.

"कर ना सही. तुझं काय जातंय? तुला कोण ओळखतं?"

मी आईला विचारून येते म्हटलं आणि उठले. कागद घेऊन.

आय किनाऱ्यावर बांबूच्या मांडवावर बोंबील टांगत होती. जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीने. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पहिल्या बाटलीपासून. तिचे हात थांबले नाहीत.

"चार येला दिलास?"

"हो."

"आनि मला आज सांगतेस?"

मी टोपली तिच्याकडे सरकवली.

"तुज्या डब्याचा वास त्यांना न्हाय चालला. तुज्या हातचा पानी न्हाय चालला. तुजा मूत चालला." तिने पुढची जोडी टांगली. "आता गुन्हा त्यांचा, तोबी तुज्याच नावावर. बाय, तुला बूट दिले का तुला इकत घेतला?"

ती रडली नाही. मला जवळ घेतलं नाही. टोपलीतले बोंबील संपेपर्यंत माझ्याकडे बघितलंही नाही. मी तिथे वाळूत बसून राहिले आणि मला पहिल्यांदा त्या संडासातली मी बाहेरून दिसली. मान खाली, हातात गरम बाटली, आणि चेहऱ्यावर आनंद. तो आनंद मला आजही झोपेतून उठवतो. अपमान झाला ते वेगळं. मी त्याला मान समजले.

दुसऱ्या दिवशी काशीगावला गेले. खुर्चीत बसले नाही.

"सही करणार नाही. खोकला माझा, औषध माझं, लघवी माझी. हे लिहा. त्याच्याखाली आत्ता सही करते."

साहेब म्हणाले, "तुझ्यावर विश्वास कोण ठेवणार?"

"मग माझी सही कशाला हवीय?"

मॅडम ओरडल्या, "बूट काढून ठेव." मी काढले. टेबलावर ठेवले, त्यांच्या कागदांवर. काशीगाव ते उत्तन अनवाणी चालत आले. तळपायाचं कातडं गेलं. इथे ही कहाणी संपली असती तर मी शूर ठरले असते. मोर्च्याच्या पत्रकात अशीच संपवतात.

संपली नाही. कंपनीने वर कुणाला तरी सांगितलं, पोरीने सर्दीचं औषध नकळत घेतलं. सुजाताला तीन महिन्यांची बंदी. एक पोस्टर उतरलं नाही. तीन महिने ती धावली नाही. गुरुवार मात्र एकही चुकला नाही. मला माहीत होतं. शिबिरातल्या दुसऱ्या मुलीने सांगितलं होतं. मी काय केलं? काही नाही. माझं नाव कागदावर गेलं नाही ना, मग झालं. मी स्वतःला वाचवलं आणि त्याला बंड म्हणत फिरले.

पुढे भाईंदरच्या बायकांच्या संघटनेत गेले. पाण्यासाठी हंडा मोर्चे, रेशनसाठी धरणं. पत्रक कसं लिहायचं ते तिथे शिकले. पत्रकात आम्ही शोषण लिहितो, भांडवल लिहितो, जनता लिहितो. 'मी' लिहीत नाही. मला ते फार सोयीचं होतं.

गेल्या महिन्यात भाईंदर पूर्वेच्या बाजारात सुजाता दिसली. चार वर्षांनी. ओढणी हनुवटीपर्यंत घट्ट लपेटलेली. डोळ्यांत पिवळटपणा. ती भाजीवाल्याला बोटाने दाखवत होती. हे. ते. बोटानेच, अर्धा किलो. भाजीवाला म्हणाला, "गूँगी है क्या?" शेजारचा म्हणाला, "नहीं रे, बोलती है. मत बुलवा, हँसी आएगी." दोघे हसले.

मी हाक मारली, "ताई."

तिने बघितलं. ओळखलं. तोंड उघडलं, आणि मिटलं. पिशवी घेऊन चालू लागली. कधीकाळी आठशे मीटर धावणारी बाई, गर्दीतून बाहेर पडेपर्यंत दोनदा थांबली.

तेव्हापासून मी एकटी असले की ती बोलते. तुझं काय जातंय? भांडी घासताना. पत्रकं मोजताना. तुझं काय जातंय? त्या वेळी तिने मला खिजवलं असं मी धरून बसले होते. आता ऐकते तेव्हा ते तसं ऐकू येत नाही. तिचं काय जातंय हे तिला माहीत होतं. खोलीत बसलेल्यांपैकी एकाने तरी विचारावं म्हणून ती बोलत होती. कुणी विचारलं नाही. मीही नाही.

कंपनीचं शिबिर चालू आहे. मैदानाला आता तारेचं कुंपण आहे. या वर्षी दोन नव्या पोरी घेतल्यात. एक मीरा रोडची, सोळा वर्षांची, चारशे मीटर धावते, तिचे फोटो काढून झालेत. दुसरी काशीगावची. तिची वेळ साधारण आहे. ती का घेतलीय ते मला कळतं. तिला अजून कळलेलं नाही. ती खूश असेल.

मी दोघींच्या घरी जाणार आहे. आधी काशीगावला. तिच्या आईसमोर बसून सांगणार, तुमच्या पोरीला बाटली देतील, ती कशाची आणि कुणासाठी. ती विचारेल, तुला कसं माहीत? तेव्हा 'आम्हाला समजलं आहे' असं म्हणणार नाही. चार वेळा मी भरली, असं म्हणणार. मग मीरा रोडला जाऊन त्या दुसऱ्या आईला सुजाताचा पत्ता देणार नाही, तिचा तमाशा मांडणार नाही. फक्त विचारायला लावणार: गुरुवारी काय देतात, आणि पोरीची पाळी येते का.

त्या मला हाकलतील. कंपनीचं नाव मोठं आहे, पोरी खूश आहेत, आणि माझी साक्ष एका गुन्हेगाराची साक्ष आहे. हाकललं तर जिन्यात उभी राहून सांगेन. शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगेन. माझा आवाज अजून माझाच आहे. तो मी आता कुणासाठी राखून ठेवणार नाही.