सोललेली कोळंबी

माफ करा, आमच्या घरात अर्ज आणि सही सोडून कुणी काही लिहिलेलं नाही. कॉलेजात जाणारा मी पहिलाच, आणि लिहायला बसलोय ते एका माशाबद्दल. पण तो मासा मला नीट माहीत आहे. त्या भरवशावर लिहितो.

प्रतापनगरच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, बाहेरच्या खोलीत, खाऱ्या पाण्याची छोटी टाकी आहे. तिच्यात बोटाएवढा पफर राहतो. घाबरला की पोट फुगवून चेंडू होतो. कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतली टाकी काढून टाकली तेव्हा आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमनी तो मला दिला. आईचं माहेर मालवणचं, ती त्याला केंड म्हणते. "आमच्याकडे हा जाळी तोडतो म्हणून फेकून देतात, आणि इथे मी मेल्याला सोलून भरवते," असं म्हणत ती रोज कोळंबी सोलायची, घशात अडकू नये म्हणून बारीक चिरायची.

थंडीत त्याने खाणं सोडलं. तुकड्यापाशी यायचा, तोंड लावायचा आणि मागे फिरायचा. भिंग घेऊन पाहिलं, तर दात इतके वाढलेले की तोंडात काही शिरतच नव्हतं. मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, याचे दात नखांसारखे वाढत राहतात, कवचं फोडूनच झिजतात. आता कापावे लागतील, नाहीतर तो उपाशी मरेल. कसे कापायचे, तेही त्यांनी दोनदा समजावलं.

बाबांनी वर्कशॉपमधून पकड आणू का म्हणून विचारलं. मी चिडलो. आई मात्र मला म्हणाली,

"तू हेच शिकतोस ना? मग कर."

आईच्या दाढदुखीसाठी आणलेलं लवंगेचं तेल घरात होतंच. टाकीतलं पाणी वाडग्यात घेऊन त्यात मॅडमनी भुलीसाठी सांगितले तेवढेच थेंब घुसळले. मासा हळूहळू सुस्त झाला. ओल्या फडक्यात धरून मी नखाभोवतीची कातडी काढायच्या छोट्या कात्रीने दातांची टोकं कापली. परत टाकीत सोडल्यावर तो थोडा वेळ तळाशी पडून राहिला, मग पोहू लागला. खाल्लं मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजची सहल द्वारकेच्या बाजूच्या किनाऱ्यावर निघाली. आईला सांगून गेलो, आता खेकड्याची नांगी दे, कवचासकट, सोलू नकोस. तिकडे मोबाइलला रेंज नव्हती. ओहोटीच्या खडकांवर सगळे शंख-शिंपले बघत होते आणि मी मनात आमच्या टाकीत डोकावत होतो. काम मी बरोबर केलं होतं, याची खात्री होती. तरी खात्रीने त्याचं पोट भरणार नव्हतं.

परतीच्या बसमध्ये फोन वाजला. आई खूश असली की मालवणीत बोलते.

"खाल्ल्यान रे," ती म्हणाली. "कवचासकट. कट्ट आवाज इलो, तो स्वयंपाकघरापर्यंत."