वहिनीचा ओठ

माझ्या वहिनीने आजवर किती लोकांची तोंडं नीट केली त्याची गणती नाही. तिच्या स्वतःच्या तोंडाची काय तऱ्हा झाली, तेवढी मी सांगते. फक्त मध्ये बोलू नका. मी पडदे शिवणारी बाई आहे, धागा तुटला की माझं डोकं फिरतं.

माझ्या दादाचा फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे काय, दोन खोल्या. पुढे काउंटर, त्याच्या मागे पांढरा पडदा (मीच शिवलेला), एक स्टूल, छत्र्या लावलेले दोन दिवे आणि आरशाशेजारी खिळ्याला दोरीने बांधलेला कंगवा. बांधलेला अशासाठी, की आधीचे तीन कंगवे गिऱ्हाइकांनी खिशात घालून नेले. दादा फोटो काढतो. हनुवटी खाली, जरा वर, हलू नका, झालं. पुढचं सगळं वहिनीचं. ती मागच्या खोलीत कंप्युटरपुढे बसते आणि माउस फिरवून लोकांच्या पुटकुळ्या, डोळ्यांखालचं काळं, दाढी करताना कापलेलं, सगळं पुसून टाकते. तिचा एक नियम आहे. पंधरा दिवसांत आपोआप जाणारं असेल ते काढायचं, जन्माचं असेल ते ठेवायचं. पुटकुळी काढायची, तीळ ठेवायचा. "नाहीतर माणूस स्वतःलाच ओळखायचा नाही हो वन्सं," म्हणते. गळ्यावरच्या सावल्या आणि वळ्या मात्र ती सरसकट सगळ्यांच्या काढते. त्या दिव्यांमुळे उठून दिसतात, त्यात माणसाचा काय दोष! हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ती मागच्या खोलीत का बसते? तर तीन वर्षांची असताना उकळत्या पाण्याचं पातेलं तिने अंगावर ओढून घेतलं. जीव वाचला, पण डाव्या बाजूची कातडी आवळून आली आणि ओठाचा कोपरा कानाकडे ओढला गेला. कडेचे दोन दात कायम दिसतात. बघणाऱ्याला वाटतं, बाई आपल्याला तिरकं हसते आहे. रडते तेव्हाही हसते, ताप आला तरी हसते. तिच्या वडिलांच्या मयतीला तिचा सख्खा काका म्हणाला होता, "हिला आत न्या, बरं दिसत नाही." आणि मी तरी कोण शहाणी लागून गेले! लग्न ठरायच्या आधी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दादाला म्हणाले होते, "ही बया आपल्याला हसते रे." दादा म्हणाला, "हसू दे की." एवढं एकच वाक्य तो आयुष्यात ठणकावून बोलला असेल.

बाकी दादाचा स्वभाव म्हणजे नरम माती. मशीन विकणारा आला, म्हणाला मोठं घ्या, दिवसाला शेकड्याने फोटो छापून निघतील. याने घेतलं कर्ज काढून. जामीन कोण? मी. माझे मालक गेल्यावर माझ्या हातात दोन खोल्यांशिवाय काही उरलं नव्हतं, त्या खोल्यांचे कागद मी बँकेत ठेवले. भाऊ मागतोय म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? आणि मशीन आलं नि लोकांनी फोटो छापणंच सोडलं. सगळं फोनमध्ये. आता एवढं धूड कोपऱ्यात बसून आहे आणि आम्ही त्याला रोज पुसतो. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही.

तीन हप्ते चुकल्यावर दादा आणि वहिनी बँकेच्या साहेबाला भेटायला गेले. दादा बोलत होता, थोडी मुदत द्या, असं द्या, तसं द्या. साहेबाने मध्येच वहिनीकडे बघितलं आणि म्हणाला, "बाई, यात हसण्यासारखं काय आहे?" दादाने तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. तो टेबलावरचे कागद गोळा करायला लागला. वहिनीने पदर तोंडावर ओढला. मुदत मिळाली नाही. घरी आल्यावर दादा भिंतीकडे तोंड करून पडला तो जेवायलाही उठला नाही.

आठ दिवसांनी वहिनीने टेबलावर एक सोन्याची साखळी ठेवली. तिच्या आईची, एवढी वर्षं कपड्यांच्या तळाशी जपलेली. म्हणाली, "यात एकतर चुकलेले हप्ते भरून होतील, नाहीतर माझा ओठ सरळ होईल." तिने एका दवाखान्याचा नंबर काढला होता. प्लास्टिक सर्जरीवाले. तीन फोटो पाठवायचे, एक समोरून, दोन बाजूंनी. डॉक्टर बघून खर्च कळवतात. तिने सगळा विचार केला होता. "मी काउंटरवर बसू शकेन, म्हणजे हे बाहेरची कामं घेतील. लग्नं, शाळा. बँकेत मी बोलेन. ह्या तोंडाने काहीच होत नाही, वन्सं."

मी तोंडाची फटकळ. मला राग आवरत नाही, कधीच आवरला नाही. मी म्हणाले, "अगं, डोक्यावर कर्ज बसलंय आणि तुला नटणं सुचतंय? माझं छप्पर गहाण पडलंय ते दिसत नाही तुला? उद्या मला बाहेर काढलं तर तुझ्या ओठावर येऊन राहू का मी?" ती नुसती बघत राहिली. मला आणखी चढलं. आणि मी म्हणाले, "आणि हसू नकोस!"

बावीस वर्षं. बावीस वर्षं मी त्या बाईच्या हातचं खाल्लंय, तिच्या मांडीवर डोकं ठेवून नवऱ्यासाठी रडलेय. आणि हे मी बोलले. तिने साखळी उचलली, रुमालात बांधली आणि आत गेली. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टुडिओत गेले आणि म्हणाले, "वीक साखळी. आधी ओठ. बँकेचं बघू." शहाणपणाने नव्हे हो, लाजेने म्हणाले. ते शब्द माझ्या तोंडून गेले नसते तर मी मरेपर्यंत 'आधी बँक'च म्हटलं असतं.

दादाने तिला स्टुलावर बसवलं. मग ती नेहमीसारखी मागे गेली, फोटो साफ केले आणि पाठवायच्या आधी आम्हाला दाखवले. ओठ होता तसाच होता, कोपरा वर, दोन दात बाहेर. मी म्हणाले, "छान आलेत गं." दादा म्हणाला, "लाइट बरा पडलाय." आम्ही दोघांनी बघितले. दोघांनी. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून उत्तर आलं. लहानसं काम आहे, अर्ध्या दिवसात घरी. खर्च बरोबर साखळीएवढा. निम्मे पैसे आगाऊ. वहिनीने साखळी विकली, निम्मे भरले, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी ती बाई आरशाजवळचा कंगवा हातात घेऊन गुणगुणताना मी पाहिली.

दवाखान्यात मी बरोबर गेले. काय तो थाट! खुर्च्या अशा मऊ की बसलं की उठायला माणूस लागावा. डॉक्टर तरुण होता, बोलायला गोड. त्याने वहिनीची हनुवटी धरून मान वर केली, आणि थांबला. मग स्क्रीनवरचा फोटो पाहिला. पुन्हा मान पाहिली. म्हणाला, "हा फोटो कोणाचा आहे?"

"माझाच," वहिनी म्हणाली.

"यात गळा साफ आहे."

तेव्हा माझं लक्ष तिच्या गळ्याकडे गेलं. कानाखालून गळपट्टीपर्यंत उतरलेली ती जाड, ताणलेली कातडी. रोज बघत होते की मी! फोटोत ती नव्हती, आणि ती नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही. वहिनीने तोंडावर हात ठेवला. "गळ्याची सावली... ती आम्ही सगळ्यांचीच काढतो," म्हणाली. "ओठाला मी हात नाही लावला, डॉक्टर. शपथेवर सांगते. तो जन्माचा धरला मी. गळ्याचं मला कळलंच नाही, हात आपोआप गेला." वीस वर्षं हात ज्या वाटेने गेला, त्याच वाटेने तो गेला. समोर कोण बसलंय ते हाताला काय माहीत!

डॉक्टरने नीट समजावलं, त्याला नावं ठेवायची नाहीत मला. ओठाला खरं तर ही गळ्याची कातडीच ओढते. नुसता ओठ सोडवला तर वर्षभरात पुन्हा ओढला जाईल. आधी मांडीची कातडी काढून गळ्याला लावायची, मग जबडा, सगळ्यात शेवटी ओठ. तीन ऑपरेशनं, चौपट खर्च. हवं तर दवाखान्याकडून हप्ते बांधून मिळतील.

बाहेर काउंटरवर मी भरलेले पैसे परत मागितले. तिथल्या मुलीने कागद पुढे केला. फोटोत फेरफार असल्यास आगाऊ रक्कम परत मिळणार नाही, खाली वहिनीची सही. वर्षभरात ऑपरेशन केलं तर वळती करून घेऊ, म्हणाली. मग मला नीट न्याहाळून म्हणाली, "नाहीतर एवढ्या पैशांत तुमच्या डोळ्यांखालच्या पिशव्या निघतील, मॅडम. नात्यातल्या माणसाच्या नावावर करता येतात." मी म्हणाले, "पिशव्या राहू देत बाई, त्यात भरायलाच काही उरलेलं नाही." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वहिनी दाराशी जाऊन उभी होती. परतताना ती एवढंच म्हणाली, "दुसऱ्या कोणाचा फोटो असता तर माझ्या लक्षात आलं असतं."

उरलेल्या पैशांत एक हप्ता गेला. बँकेची नोटीस आली ती माझ्याही दाराला आली. मग बँकेत साहेब बदलले, नवे जरा माणसातले निघाले. म्हणाले, कर्ज नव्याने मांडून देतो, हप्ता निम्मा, वर्षं दुप्पट. अट एकच. कर्जदार, त्याची बायको आणि जामीन, तिघांनी लिहून द्यायचं की सात वर्षं दुसरं कुठलंही कर्ज किंवा हप्त्याची खरेदी करणार नाही. तिघांच्या सह्या, तिघांचे फोटो.

कागद टेबलावर, आम्ही तिघं भोवती. म्हणजे सही केली की दवाखान्याचे हप्ते बंद, वर्षभराची मुदत संपणार, भरलेले पैसेही बुडणार. आणि सात वर्षांनी ती बावन्नची. सही नाही केली तर माझ्या खोल्या जाणार. दादा मशीनकडे बघत होता. मी माझ्या नखांकडे. 'थांब' एवढा एक शब्द मला बोलायचा होता, आणि देवाशप्पथ सांगते, तो माझ्या घशातून निघाला नाही, कारण छप्पर माझं होतं. वहिनीनेच पेन मागितलं. सगळ्यात आधी तिने सही केली.

फोटो दादाने काढले. या वेळी तिने स्वतःचा फोटो उघडला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. म्हणाली, "वन्सं, प्रिंट तुम्ही दाबा. माझ्या हाताचा भरवसा नाही." मी दाबलं. गळा, कातडी, ओठ, सगळं जसंच्या तसं निघालं.

कागद द्यायला मीच गेले. शेवटचा दिवस होता. खिडकीतल्या कारकुनाने पानं उलटली आणि वहिनीच्या फोटोभोवती लाल गोल काढला. "हसरा फोटो चालणार नाही. तोंड मिटलेलं हवं."

मी म्हणाले, "अहो, ती हसत नाहीये! तिचं तोंडच तसं आहे."

"मग डॉक्टरचा दाखला आणा, नाहीतर दुसरा फोटो. पाचच्या आत." आणि त्याने पुढच्याला बोलावलं. भांडण मला येतं हो, चांगलं येतं. पण खिडकीपलीकडच्या माणसाला खरं पटवायचं कसं, ते नाही येत. साडेतीन वाजले होते.

स्टुडिओत आले. कसं सांगायचं ते वाटभर ठरवत होते, पण लाल गोल बघून वहिनीला काही सांगावं लागलं नाही. ती कंप्युटरपुढे बसली. ओठाचा कोपरा तिने धरून खाली आणला, दात झाकले, कड जुळवली. मी घड्याळ बघत होते म्हणून सांगते, दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. स्क्रीनवर एक बाई आली. गंभीर, थोडी थकलेली, देखणी. दादा दारात येऊन उभा राहिला आणि लगेच बाहेर गेला.

वहिनीला मात्र घाई होती. तिने प्रिंट काढली, एका कागदावर आठ फोटो येतात, ते कापले आणि दोन माझ्या हातात दिले. "पळा, पाच वाजतील," म्हणाली.

"आणि हे सहा?" मी विचारलं.

तिने ते छोट्या पाकिटात घातले, वर स्वतःचं नाव लिहिलं, जसं गिऱ्हाइकाचं लिहिते तसं. "राहू देत," म्हणाली. "पुढच्या अर्जाला लागतील."