बारा खुणा, तीन गाठी

"बेडसोअर आहे. ग्रेड थ्री," डॉक्टर म्हणाले आणि आयच्या अंगावर चादर परत ओढली. तिला दाखल करून अकरावा दिवस होता.

बेडसोअर म्हणजे एकाच अंगावर पडून राहिल्याने होणारी जखम. हाडाखाली दाब बसतो, तिथलं रक्त अडतं आणि मांस मरतं. ग्रेड थ्री म्हणजे कातडी पार जाऊन आतली चरबी दिसायला लागते. आयच्या माकडहाडावर भोक पडलं होतं. माझ्या अंगठ्याचं टोक त्यात मावलं असतं. मी अकरा दिवस तिच्या उशाशी बसून होते आणि मला पत्ता नव्हता. वास यायचा. मी सुकी मासळी विकणारी बाई, मला वाटलं माझ्याच साडीचा येतोय.

मी समुद्रकाठच्या नवापूरची. बोईसरच्या बाजारात बसते. आयला स्ट्रोक झाला, म्हणजे डोक्यातली रक्ताची नळी तुंबली आणि डावी बाजू गेली. बोईसरच्या एका हॉस्पिटलात ठेवलं. नाव लिहीत नाही. हे लिहितेय ते, ज्यांचं माणूस उद्या असं खाटेवर पडेल त्यांच्यासाठी. आणि खोटं कशाला बोलू, सूड म्हणूनही लिहितेय.

डॉक्टर जाताना म्हणाले, "दर दोन तासांनी कूस बदलायला हवी. स्टाफ बदलतोच, चार्ट आहे."

चार्ट खाटेच्या पायथ्याशी अडकवलेला होता. तोवर मी तो कधी वाचला नव्हता. त्या दिवशी वाचला. दोन-दोन तासांचे बारा रकाने, डावी कूस, उजवी कूस, पाठ. बाराही रकान्यांत बरोबरची खूण होती. घड्याळात सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि कागदावर रात्र होऊन गेली होती!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार्ट घेऊन मी इन्चार्ज सिस्टरपुढे उभी राहिले. वॉर्डातल्या सगळ्या नर्सेसची ती मुख्य.

"ह्या रातच्या खुना आताच कशा झाल्या?"

तिने मान वर केली नाही. बोट चार्टच्या तळाशी ठेवलं. "ताई, ही सही कोणाची आहे?"

माझी होती. रोज सकाळी ती यायची, "ताई, इथे सही करा पटकन," आणि मी करायची. खुणांच्या खाली लिहिलं होतं, 'वरील काळजी घेतल्याचे नातेवाइकाने पाहिले आहे.' अकरा दिवस, अकरा सह्या. ती कागद परत घेऊन म्हणाली, "मग? तक्रार कुणाविरुद्ध करणार?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. पण बोंब खरीही होती, तेच जिव्हारी लागलं. मी त्या बाईला शाप दिले, मोठ्याने नाही, पण दिले. हिचीही आई अशीच पडो, असं म्हणाले. आजही ते मागे घेत नाही.

बाजारात पाट्या मोजायला आम्ही दोऱ्याला गाठी मारतो. पिशवीत जाळ्याचा निळा दोरा होता. तो मी खाटेच्या दांडीला बांधला. हॉस्पिटलच्या माणसाने येऊन आयची कूस बदलली की एक गाठ मारायची. मी बदलली तर नाही. रोज दोऱ्याचा नवा तुकडा. पहिल्या दिवशी तीन गाठी झाल्या, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी परत तीन. चार्टावर रोज बारा. सही मी बंद केली होती, तरी खुणा थांबल्या नव्हत्या.

त्याच दिवसांत वनिता आली. बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलगी, मनोरच्या पलीकडच्या पाड्यावरची. घरी डोंगरउतारावर थोडी वरई-नाचणी, बाकीचे महिने आईबाप वीटभट्टीवर. कॉलेजसाठी तिला एक संशोधन करायचं होतं, अंथरुणावरच्या रुग्णांची कूस बदलणं आणि बेडसोअर. हातात प्रश्नांचे कागद, वर एक संमतीपत्र.

"मावशी, नाव कुठं छापनार नाय. फक्त इथं सही करा."

मी हसले. कडूच हसले. "आता वाचल्याबिगर सही नाय, बाय. वाच सगळं."

तिने अख्खा कागद वाचून दाखवला. मग पहिला प्रश्न विचारला, "दिवसात किती वेळा कूस बदलली जाते?"

मी दोरा दाखवला. तिने गाठी मोजल्या, चार्ट पाहिला आणि पेन खाली ठेवलं. "सिस्टर बोलल्या, माहिती चार्टवरून उतरवून घ्या."

"मंग घे उतरवून. खोट्याला खोटं जोड."

"मावशी, तीस खाटांना दोन सिस्टर हायेत. कवा बदलनार त्या?"

"ते मला कळतं गो. हात पुरत नसतील तर सांगा, मी बदलीन. पन खून कशाला मारता? खून बघून मी निर्धास्त बसली."

ती कागद गोळा करून गेली. तिच्या पोस्टिंगच्या, म्हणजे वॉर्डातल्या शिकाऊ कामाच्या वहीवर पास व्हायला त्याच इन्चार्जची सही लागणार होती, हे मला नंतर समजलं. तेव्हा समजलं असतं तरी मी तिला सोडलं नसतं. मला त्या बाईची मान खाली गेलेली बघायची होती, मग पोरगी भरडली तरी चालेल. इतकी आंधळी झाले होते.

दुसऱ्या दिवशी वनिता परत आली. "लिहिते मावशी. चार्टचं आनि दोऱ्याचं, दोन्ही. पन मग सगळंच लिहीन. तुमी न वाचता अकरा सह्या केल्या, ते पन."

माझा भाऊ दामू बोटीवर असतो. रोज फोनवर विचारायचा, "आयची कूस बदलतात ना?" आणि मी म्हणायची, "बदलतात रे, लिवलेलं हाय." आयला त्याने माझ्या भरवशावर सोडलं होतं.

"लिही," मी म्हटलं. आणि दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी दामूला मीच सांगितलं. तो आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.

त्या आठ दिवसांत वनिताने मला काम शिकवलं. माणूस ओढायचं नाही, चादरीसकट वळवायचं, ओढलं की कातडी फाटते. पाठीला उशी लावून थोडं कलतं ठेवायचं. टाचा गादीवरून उचललेल्या हव्यात. भोकाची रबरी रिंग लोक आणतात, मीही आणली होती, ती उलटी नडते. कुठे लाल दिसलं तर बोटाने दाबून बघा. दाबून पांढरं झालं नाही, तर आरडाओरडा करा. आमच्याकडे जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळत घातला की पालटत राहावा लागतो, एका अंगावर राहिला की कुजला. ही अक्कल मला जन्मापासून होती. आयच्या बाबतीत मी ती कागदावर सोडून दिली.

रोज ड्रेसिंग चाललं. आय किंचाळायची तेव्हा मी दोरा मुठीत धरायची आणि इन्चार्जकडे बघायची.

वनिताचं संशोधन पूर्ण झालं तेव्हा पालघरला कॉलेजात ते सर्वांपुढे मांडायचं होतं. तिने मला बोलावलं. पहिल्या रांगेत हॉस्पिटलचे लोक बसले होते, त्यात इन्चार्जही. पडद्यावर शेजारी शेजारी दोन फोटो आले. बारा खुणांचा चार्ट आणि तीन गाठींचा निळा दोरा. खाली ओळ होती, 'नातेवाइकाने न वाचता सही केली होती.' माझे कान तापले. वनिताने ते वाक्य गिळलं नाही, मोठ्याने वाचलं.

इन्चार्ज उठली. "नातेवाइकांच्या गाठींवर कसा विश्वास ठेवायचा?"

वनिताने तिच्या सरांकडे पाहिलं. मी मागच्या बाकावरून उभी राहिले.

"माज्या सहीवर ठेवला व्हता ना? मंग गाठीवर पन ठेवा."

इन्चार्ज बसली आणि शेवटपर्यंत मान वर केली नाही. मला वाटलं होतं त्याहून जास्त बरं वाटलं. कुणी म्हणेल सुडाने समाधान मिळत नाही. मिळतं. मला मिळालं.

वनिता पास झाली. वहीवर सही मिळाली, पण फार हेलपाटे घालून. माझं माणूस वाचवणारी ती पोरगी आहे, तिचे उपकार फिटणार नाहीत.

आयची जखम भरायला चार महिने लागले. आता ती काठीवर ओट्यापर्यंत येते. मला विचारते, "त्या मोठ्या सिस्टर बायला काय झालं?"

"काय नाय झालं. हाय तिथंच."

"मंग तू दर बुधवारी तिकडं कशाला जातेस?"

जाते. बाजार उरकला की भेटायच्या वेळी त्याच वॉर्डात जाऊन बसते, कुणाच्याही आईच्या खाटेपाशी. तिच्या लेकीला सांगते, वाचल्याशिवाय सही करू नको. मग निळा दोरा काढून मांडीवर ठेवते. इन्चार्ज टेबलामागून बघते. थोड्या वेळाने उठते, खाटेजवळ येते, म्हातारीच्या पाठीखाली हात घालून तिला दुसऱ्या कुशीवर वळवते.

मी गाठ मारते.