खाजणी आणि भिशीचा डबा

सुहास गेल्याचा फोन दत्तानं माझ्या ऑफिसात केला. "नीलू, सुहास नाय राहिला," एवढंच तो बोलला. आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, "मग खाजणीचं काय?" शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी चमकून माझ्याकडे पाहिलं. बघू दे. दत्ताला माझा प्रश्न बरोबर कळला होता. पलीकडे त्यानं नाक ओढलं आणि म्हणाला, "मी पन तोच विचार करतोय."

खाजणी म्हणजे आमच्या खेळातली पाच डोक्यांची नागीण. सुहासचा मामा बोटीवर होता. आम्ही तिघं कॉलेजात असताना त्यानं कुठल्याशा बंदरातून एक जुनं इंग्रजी पुस्तक आणलं. पानोपानी राक्षस आणि शेवटी खेळाचे नियम. एकानं गोष्ट सांगायची, राक्षसांच्या वतीनंही त्यानंच खेळायचं, बाकीच्यांनी त्या गोष्टीतले वीर व्हायचं, आणि वार लागला की चुकला हे वीस बाजूंच्या फाशावर ठरवायचं. असा फासा मी पनवेलच्या बाजारात मागितला तर दुकानदारानं मला ल्यूडो दाखवला! मग आईचा भिशीचा पितळी डबा उचलून आणला आणि एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या करून त्यात टाकल्या. मोठा आकडा निघाला की वार लागला. भिशीत एकदा नाव निघालं की सगळ्यांची पाळी होईस्तोवर ती चिठ्ठी परत आत जात नाही, म्हणून आमचीही जायची नाही. दुसरं काही करायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

दर रविवारी दुपारी सुहासच्या घरी आमची बैठक बसायची. गोष्ट अर्थात सुहासच सांगायचा. टेबलाच्या टोकाला त्याची आई, आमच्या काकू, भाजी निवडत बसलेल्या असत, आणि "काय बाई तुमचं हे भुताखेतांचं," असं म्हणत एक शब्दही सोडत नसत. पुस्तकातली नागीण दलदलीत राहायची. सुहासनं तिला आमच्या खाडीकाठच्या खाजणात आणून सोडली आणि तिचं नाव खाजणी ठेवलं. दत्ता खाडीकाठच्या ओवे गावचा, त्याच्या घरचं मिठागर होतं. तो म्हणाला, "ती भरतीला नाय येनार. ओहोटीला येल, चिखलात." तेव्हापासून ती ओहोटीलाच यायची. आणि दत्ता पक्का डबा ओळखून खेळणारा. लहान आकडे संपेपर्यंत तो झाडामागं बसून राहायचा आणि मी मात्र पहिल्या झटक्याला तलवार काढायचे. "नीलू, तू एक दिवस मरशील," असं सुहास दर रविवारी म्हणायचा. मी मेले नाही, हे इथं नमूद करते.

आम्ही नोकरीला लागलो आणि मामानं नवे नियम आणले, सोबत खऱ्या फाशांची पिशवी. नव्या नियमांत जुने राक्षस बसेनात. सुहासनं ठरवलं, एकेकाला नव्या नियमांत आणायचं. पहिलंच जनावर आणलं, एक साधा रानकुत्रा, आणि त्यानं एका दुपारी आम्हा सगळ्यांना लोळवलं. फाशावर लागोपाठ वीस पडत होते. "ह्या फाशाला लाज नाय," दत्ता म्हणाला. तेव्हा कुठं आमच्या लक्षात आलं की चिठ्ठी दर वेळी परत डब्यात टाकायला हवी होती... इतकी वर्षं आम्ही चुकीचं खेळत होतो. मी पोट धरून हसले. सुहास हसला नाही. "चूक कसली? आपले राक्षस त्या डब्यात वाढलेत," तो म्हणाला. "नुसते आकडे उतरवले तर जनावर दुसरंच होईल."

मग त्यानं काय करावं, पुस्तक मिटून ठेवलं. प्रत्येक राक्षसाचं नाव घ्यायचा आणि आम्हाला विचारायचा, तुम्हाला याचं काय आठवतं, कशाची भीती वाटायची? दत्ताला कुत्र्याचं थांबणं आठवायचं, मला त्याचा वास. एकदा काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "तो आधी लंगड्याच्या मागं लागायचा." सुहासनं हे सगळं ऐकून घेतलं, नव्या आकड्यांत मांडलं, आणि पुढच्या रविवारी तोच कुत्रा आला. तोच, मी शपथेवर सांगते. माणसं ऑफिसात बढतीसाठी जेवढी खपतात तेवढा तो त्या जनावरांसाठी खपला. फक्त खाजणीला त्यानं हात लावला नाही. तिची लढाई डब्यावरच व्हायची होती.

ती सुरू झाली या उन्हाळ्यात. डब्यात चार चिठ्ठ्या उरल्या होत्या, वीस त्यातच होता, आणि पाळी माझी होती. सुहास एकदम खुर्चीत मागं टेकला. डोळे पिवळे दिसत होते. "पुढच्या रविवारी," असं म्हणून त्यानं झाकण लावलं. कावीळ फार पुढं गेली होती. हॉस्पिटलात मी नारळपाणी घेऊन गेले तेव्हा तो पुटपुटला, "डबा उघडू नका... तुझी पाळी आहे." तोही पुढचा रविवार धरूनच चालला होता.

मला त्याची रोज आठवण येते. तरी महिनाभर मी त्या घरी गेले नाही. डबा उघडायचा तर सुहासशिवाय उघडायचा, आणि नाही उघडला तर आईच्या कपाटात पडून असलेल्या डब्यांत आणखी एकाची भर. शेवटी काकूंनीच निरोप धाडला, रविवारी या. दत्ताला घेऊन गेले. टेबल पुसलेलं, मधोमध डबा. सुहासची खुर्ची तेवढी रिकामी होती. "काकू, राक्षसांच्या बाजूनं आता कोण बोलणार?" दत्तानं विचारलं. काकू उठल्या, भाजीची परात बाजूला सारली आणि त्या खुर्चीत जाऊन बसल्या. पदर सारखा केला. "ओहोटी लागलीय," त्या म्हणाल्या. "ती चिखलातून वर आलीय. दोन डोकी तुझ्याकडं, तीन दत्ताच्या झाडाकडं. बोल नीलू, काय करतेस?"

तलवार मी पहिल्या झटक्याला काढते ती काढलीच. डब्यात हात घातला. निघाली तिनाची चिठ्ठी.

"चुकला वार," काकूंनी जाहीर केलं, आणि किती दिवसांनी त्यांच्या आवाजाला धार आली होती. "ढाल गेली तुझी." मी चिठ्ठी सवयीनं बाजूला ठेवायच्या ऐवजी, का कोण जाणे, परत डब्याकडं नेली. काकूंनी माझा हात धरला.

"परत नाही टाकायची," त्या म्हणाल्या, आणि झाकण लावलं. "तीन राहिल्या. वीस आतच आहे. पुढच्या रविवारी लवकर या."