फाटकावरची दगडाबाई

दगडाबाईची आणि माझी पहिली गाठ पडली ती भांडणानं. २००६ सालचा डिसेंबर होता. मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत होतो आणि दर रविवारी सकाळी दुर्बीण घेऊन गावाच्या उत्तरेकडच्या तलावावर जात होतो. निजामाच्या अमदानीत बांधलेला तलाव. बांध गावाला लागून, आणि पलीकडं उथळ पाणी, लव्हाळी, गाळ. हिवाळ्यात तिथं चक्रवाक उतरायचे, बदकं यायची, लांब लाल पायांचे शेकाटे चिखलात उभे असायचे. त्या दिवशी मी शेकाटे मोजत होतो. एकशे चाळीसपर्यंत आलो आणि मागून मेंढ्यांचा कळप पाण्यात शिरला. सगळा थवा उठला.

कळपामागच्या बाईला मी बरंच बोललो. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जरा दम धरा, सर. मेंढ्या फिरल्या की गाळातले किडे वर येत्यात. आत्ता येतील तुमची पाखरं."

दहा मिनिटांत शेकाटे परत आले आणि मेंढ्यांच्या पायांमागून चोची मारत चालू लागले. मी वीस वर्षं जीवशास्त्र शिकवत होतो, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ती उमापूरकडच्या एका धनगर वस्तीवरची. तिच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती, म्हणून आईबापांनी हिचं नाव दगडा ठेवलं. ती जगली. तिचा नवरा म्हाळू कमी बोलणारा, उंच, डोक्याला लाल पटका बांधणारा. दीडशे मेंढ्या होत्या. एकुलती मुलगी लग्न होऊन सासरी गेलेली. पावसाळ्यात माळावर, दिवाळीनंतर गोदावरीपल्याड आणि उन्हाळ्यात आमच्या तलावाच्या पोटात, असं त्यांचं वर्ष फिरायचं; त्या साली नदीपल्याड निघायला त्यांना उशीर झाला होता. पाणी मागं सरकलं की ओल्या गाळावर हिरवं फुटायचं. त्या हिरव्यावर त्यांच्या मेंढ्या जेठ महिना काढायच्या.

पुढच्याच वर्षी ते हिरवं त्यांच्या हातातून गेलं, आणि त्यात माझा हात होता.

आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्याचे ते भरभराटीचे दिवस. चेअरमन मोहनराव यांना आईच्या नावानं काहीतरी करायचं होतं. कुणी दवाखाना सुचवला, कुणी मंगल कार्यालय. मी एक आराखडा घेऊन गेलो. तलावाच्या पाणथळीला कुंपण, आत तीन किलोमीटरची मुरमाची पायवाट, पक्षी बघायला लाकडी मचाण, ठिकठिकाणी माहितीच्या पाट्या. गावातल्या लोकांना सकाळी चालायला जागा होईल आणि पक्षीही वाचतील. मोहनरावांना ते आवडलं. कारखान्याच्या छायेखाली उद्यानाची एक सहकारी संस्था निघाली, कुंपण पडलं, आणि 'सत्यभामाबाई निसर्ग उद्यान' असं मोठं लोखंडी फाटक उभं राहिलं. पाट्यांवरचा मजकूर मी लिहिला. त्या दिवसांत मला झोपेतही पाट्याच दिसायच्या.

मेंढपाळांनी तहसीलवर जाऊन अर्ज दिला. तेव्हा संस्थेनं एक तोडगा काढला. ज्या घरांच्या मेंढ्या तिथं चरत होत्या त्यातल्या एका घरातल्या एकाला फाटकावर राखणदार म्हणून घ्यायचं. निरोप म्हाळूकडं गेला. तो म्हणाला, ज्या रानात मी मेंढ्या चारल्या तिथून दुसऱ्याच्या मेंढ्या हाकलायचं काम मी करणार नाही. पण घरातून कुणीच गेलं नसतं तर तेही हातचं जाणार होतं. म्हणून दगडाबाई आली. लुगड्यावर खाकी सदरा आणि हातात चावी. म्हाळूनं तिला अडवलं नाही, पण तो स्वतः त्या फाटकाकडं पुन्हा फिरकला नाही. मेंढ्या घेऊन तो आणखी लांब, आणखी जास्त दिवस जाऊ लागला.

पहिली चार वर्षं खरंच चांगली गेली. सकाळी डॉक्टर, व्यापारी, निवृत्त कारकून, साडीवर बूट घातलेल्या बायका पायवाटेवरून फेऱ्या मारायच्या. शाळांच्या सहली यायच्या. दगडाबाईला वाचता येत नव्हतं, पण कुठल्या पाटीवर कोण आहे ते तिनं चित्रावरून लक्षात ठेवलं होतं, आणि पाटीवर नसलेलंही तिला बरंच माहीत होतं. कुठल्या झुडपात घोरपड आहे, टिटवीनं यंदा अंडी कुठं घातलीत, पाणकोंबडी पिलांना घेऊन कुठल्या वेळेला बाहेर पडते. एकदा पुण्याहून आलेले दोन अभ्यासक मला सोडून तिच्याच मागून दिवसभर हिंडले. तिला त्याचं अप्रूप वाटलेलं मी पाहिलं होतं. चार दिवस तिनं खाकी सदरा रोज धुतला.

मग पावसानं तोंड फिरवलं. २०१२ साली कमी पडला, चौदाला त्याहून कमी, पंधराला जवळजवळ नाहीच. तलाव दरवर्षी आकसत गेला. ऊस नव्हता, त्यामुळं कारखान्याचं धुराडं बंद राहिलं. उद्यानाचे दोन माळी गेले, झाडांना पाणी देणारी मोटार गेली, मचाणाच्या फळ्या कुणीतरी उचकटून नेल्या. एकटी दगडाबाई राहिली. नळाला वीस-बावीस दिवसांनी पाणी यायचं. नगरपालिकेनं तलावाच्या पोटात चर खणून उरलंसुरलं ओढून घेतलं. सोळाच्या मार्चमध्ये सगळ्या तलावात एकच डोह उरला आणि तो नेमका कुंपणाच्या आत होता. दोन गुंठे असेल, कमरेएवढं पाणी. सगळे मासे, सगळे पक्षी तिथं गोळा झाले होते.

तो डोह वाचवायचं मी मनावर घेतलं. वर्तमानपत्रात लेख लिहिला, मोहनरावांकडं गेलो. त्यांनी लगेच होकार दिला, डोहाकाठी फोटोही काढून घेतला, आणि संस्थेचे सचिव उत्तरेश्वर यांच्या सहीचं पत्र फाटकावर लागलं. डोहाजवळ माणूस वा जनावर सोडू नये. पायवाटेवर फिरायला हरकत नव्हती. दगडाबाईला ते पत्र मीच वाचून दाखवलं. तिनं एवढंच विचारलं की प्यायला मागितलं तरी न्हाई का. मी म्हणालो, तरीही नाही. एकाला दिलं की दोन दिवसांत डोह संपेल.

तिनं तो हुकूम मनापासून पाळला. घागरी घेऊन आलेल्या बायकांशी तिची बाचाबाची झाली. कुणी तिच्या जातीवरून बोललं. उन्हात ती दिवसभर फाटकाशी बसून असायची.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी सात-साडेसातला, मी तिथंच होतो. पूर्वेकडच्या रस्त्यानं म्हाळू आला. दिवाळीनंतर तो नदीपल्याड गेला होता, तिकडंही काही नव्हतं. दीडशेतल्या सत्तर मेंढ्या राहिल्या होत्या आणि त्यांच्या पाठीची हाडं मोजता येत होती. सरकारी छावण्यांत गाई-बैल-म्हशी घेत होते, मेंढ्यांना कुठं जागा नव्हती. पाण्याचा वास लागला तशा त्या पळत येऊन तारेला भिडल्या.

"उगड," म्हाळू म्हणाला. "पाणी पाजतो अन् जातो. आत ठेवीत न्हाई."

दगडाबाईचा हात कुलपावर गेला. मग तिनं माझ्याकडं पाहिलं.

"सर, काय करू?"

मी 'उघड' म्हणू शकलो असतो. तिथं आम्ही तिघंच होतो. मी म्हणालो, चेअरमनसाहेबांना विचारतो. फोन उत्तरेश्वरांनी घेतला. साहेब बैठकीत आहेत, आणि आज एक कळप आत गेला तर उद्या सगळा तालुका फाटकावर येईल, तुम्हीच तर लेख लिहिला होता, असं ते म्हणाले. मी ते जसंच्या तसं तिला सांगितलं.

तिनं हात काढून घेतला. "न्हाई उगडता येत," ती नवऱ्याला म्हणाली.

"कावून?"

"लिहून आलंय."

म्हाळूनं डोहाकडं पाहिलं. कुंपणापासून तो शंभर पावलंही नव्हता. "बरं," तो म्हणाला.

मेंढ्या वळवायला त्याला फार वेळ लागला. पुढच्या मेंढ्या तार सोडेनात. एकेकीचा पाय धरून तो मागं ओढत होता, ती सुटून पुन्हा तारेला जात होती. दगडाबाई आत तीन हातांवर उभी होती. तिला मदत करता येत नव्हती, कारण मदत करायची तर फाटक उघडावं लागलं असतं. शेवटी तो कळप घेऊन पाटोद्याच्या रस्त्याला लागला.

तिसऱ्या दिवशी बातमी आली. वाटेत एका शेतात जळून गेलेल्या ज्वारीच्या खोडक्यांना अवकाळी शिंतोड्यांच्या ओलीवर कोंब फुटले होते. असल्या कोंबांत विष असतं, त्याला किराळ म्हणतात. कुठलाही मेंढपाळ आपला कळप त्यात घालत नाही. पण भुकेल्या, तहानलेल्या मेंढ्या हिरवं बघून धावल्या आणि एकट्या म्हाळूला त्या आवरल्या नाहीत. एक्कावन्न मेंढ्या तासाभरात बांधावर आडव्या झाल्या.

दगडाबाई त्या दिवशी कामावर आली होती. निरोप घेऊन आलेल्या माणसाचं तिनं ऐकलं, मला सांगून वस्तीवर गेली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसली. मी काही बोलायला गेलो तर ती पायवाट झाडायला निघून गेली.

आठवड्यानं कारखान्याचे टँकर आले. मोहनरावांनी कारखान्याच्या आवारात छावणी उघडली होती. तिथली बोअर आटली होती, म्हणून डोहातलं पाणी उचलायचं ठरलं. उत्तरेश्वरांच्याच सहीचं दुसरं पत्र ड्रायव्हरनं आणलं होतं. मी मोहनरावांना फोन केला. या वेळी ते स्वतः बोलले.

"सर, अकराशे जनावरं हायेत माझ्याकडं. पाखरू उडून जाईल. गाय कुठं जाईल?"

त्यांचं चुकत होतं असंही मला म्हणता येईना. मी फोन ठेवला. दगडाबाईनं पत्रावरचा शिक्का बघितला आणि फाटक उघडलं.

तीन दिवसांत डोह संपला. चिखलात मासे तडफडत होते आणि बगळे त्यांच्यावर पडले होते. चौथ्या दिवशी बगळेही नव्हते. सकाळी फिरायला येणारे पायवाटेवर थांबून मोबाइलवर ते टिपत होते. एकानं वास येतो म्हणून संस्थेकडं तक्रार केली.

शेवटचा टँकर गेल्यावर दगडाबाई माझ्यापाशी आली. तिचा आवाज चढला नव्हता.

"पाणी काडायचंच व्हतं, सर, तर मला कावून राखाया लावलं?"

 

त्या साली सप्टेंबरात मात्र धो धो पाऊस झाला. तलाव आठ दिवसांत भरला, बातम्या झाल्या, लोक बांधावर नारळ घेऊन गेले. पण पाणथळीत बेशरमीचं आणि वेड्या बाभळीचं रान माजलं. पायवाटेचा मुरूम वाहून गेला. शेकाटे पंधरा-वीस यायचे. म्हाळूनं उरलेल्या मेंढ्या विकून टाकल्या होत्या आणि तो वस्तीवर बसून असायचा. त्यानं बायकोला कधी दोष दिला नाही. त्यानं बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं, असं ती एकदा म्हणाली होती.

अठरा साली संस्था बरखास्त झाली. उद्यान एका ठेकेदाराकडं गेलं. त्यानं रंगीत दिवे लावले, झोके बसवले आणि स्वतःची गणवेशातली माणसं आणली. दगडाबाईला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं, तेही फोनवर. दहा वर्षं ती तिथं होती.

एकोणीसच्या मे महिन्यात, पुन्हा दुष्काळच होता, मी त्यांच्या वस्तीवर गेलो. मी निवृत्त झालो होतो आणि एक गोष्ट बोलून टाकायची होती. म्हाळूनं घोंगडी अंथरली. दगडाबाईनं बिनदुधाचा चहा केला. मी म्हणालो, त्या सकाळी मी फोन करायला नको होता, फाटक उघडायला सांगायला हवं होतं, मेंढ्या माझ्यामुळं गेल्या.

म्हाळू म्हणाला, "तुमी काय करणार, सर. तुमचं तितं काय चालत व्हतं."

त्यात राग नव्हता, आणि माफीही नव्हती. दगडाबाई कपबशा उचलून बाहेर गेली. थोड्या वेळानं टँकर आल्याची आरोळी उठली आणि दोघंही घागरी घेऊन पळाले. विहिरीवर एवढी गर्दी होती की मला ते पुन्हा दिसले नाहीत. मी तासभर थांबलो आणि परत आलो.

त्या दिवाळीनंतर ते दोघं एका मुकादमाबरोबर कोल्हापूरकडं ऊस तोडायला गेले, असं मला उमापूरच्या बाजारात कळलं. दोघंही साठीला टेकलेले. जन्मात कधी कोयता हातात धरला नव्हता. तिकडच्या एका सहकारी कारखान्याच्या फडात दुसऱ्या महिन्यात मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवरून चढताना दगडाबाई पडली आणि तिचं कंबरेचं हाड मोडलं. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटली नव्हती, त्यामुळं हंगाम संपेपर्यंत म्हाळू तिला सोडून येऊ शकला नाही आणि तिला घेऊनही येऊ शकला नाही. ती पालात पडून राहिली. आता ती मुलीकडं असते, चालता येत नाही. म्हाळू यंदाही तोडीला गेला आहे.