मास्तरांच्या सीडीतला आवाज

मुलांनो, यंत्रांचे लाड करावेत तर ते आमच्या शेजारच्या मास्तरांनीच. किहीमच्या खाऱ्या वाऱ्याने सगळ्यालाच गंज चढतो, म्हणून आम्ही कुलपांना, बिजागऱ्यांना खोबरेल लावतो. मास्तर ते रेडिओच्या एरियललाही लावतात. संगणक बंद केला की त्यावर विणलेला रुमाल पांघरतात. तो अडला तर प्रयोगशाळेची शिस्त: एका वेळी एकच बदल, मग संगणक बंद करून पुन्हा चालू, आणि तो जागा होईपर्यंत सुपारीच्या झाडांना पाणी. यंदाच्या उन्हाळ्यात त्यांच्या सुपाऱ्या भलत्याच तरारल्या होत्या. कारण नवा संगणक आणि एक जुनी सीडी.

ती त्यांच्या शाळेने कधीकाळी बालवर्गासाठी करून घेतली होती. पडद्यावर पक्षी येतो आणि त्याची गोष्ट ऐकू येते. गोष्टी सांगितल्या आहेत मास्तरांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या बाईंनी. घशाच्या ऑपरेशनपासून बाईंना कुजबुजण्यापलीकडे बोलता येत नाही. त्यांच्या चार वर्षांच्या नातीने आजीचा आवाज कधी ऐकलाच नव्हता, आणि सुट्टी संपवून ती दुसऱ्या दिवशी परत जायची होती.

मी आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडे गेले तेव्हा पडद्यावर पक्षी उडत होते, पण आवाज नव्हता.

"वहिनी, हा नवा गडी जुन्या सीडीला ओळखच देत नाही," मास्तर म्हणाले. "आवाजाचं साधन सापडत नाही म्हणतो!"

बऱ्याच खटपटीनंतर जुने कार्यक्रम जुन्या पद्धतीने चालवायची सोय त्यांना सापडली. ती सूचना गेली, आवाज मात्र आला नाही.

"सगळं ठीक आहे म्हणतोय, मग ही मुकी का?" मास्तर वैतागले आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

बाई हसल्या. पुढे होऊन त्यांनी स्पीकरची पिन उपसली. तिच्यावर तेल आणि धुळीचा काळा थर होता.

"हिलाही चोपडलंत?" त्या कुजबुजल्या.

"गंजू नये म्हणून गं!"

बाईंनी पदराने पिन पुसून पुन्हा खोचली. खणखणीत आवाज उमटला, "हा बघा खंड्या! कसा टपून बसलाय!"

"कोण बोलतंय?" नातीने विचारलं. मास्तरांनी नुसतं बाईंकडे बोट केलं.

बाईंना सगळी गोष्ट अजून पाठ होती. स्पीकरमधल्या शब्दाला शब्द जुळवत त्यांचे ओठ हलू लागले, आणि आजीच्या तोंडाकडे टक लावून नात खंड्याची गोष्ट ऐकत राहिली.